ओळखीचा कागद : परक्याची ठेव

(सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



संस्थेच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीविषयी माझ्यापूर्वीच्या वक्त्यांनी सविस्तर सांगितले आहे. मला मात्र माझ्या मनाला टोचत राहिलेल्या एका प्रसंगाविषयी बोलावयाचे आहे.

माझ्या कापड दुकानात पंचवीस वर्षे इमानाने काम करणाऱ्या एका गृहस्थांनी २०२२ साली मुलीच्या शिक्षणासाठी कर्जाचा अर्ज केला. तो नामंजूर झाला. कारण त्यांच्या नावावर आधीचेच एक कर्ज थकलेले होते. ते कर्ज त्यांनी घेतलेच नव्हते. त्यांच्या आधार व पॅन कार्डांच्या प्रती वापरून कोणी तिऱ्हाइताने ते उचलले होते. ते मला एवढेच म्हणाले, "शेठजी, हे झेरॉक्स मी फक्त बँकेत आणि आपल्या दुकानात दिले होते."

त्या प्रती माझ्या टेबलाच्या उघड्या खणात पडलेल्या असत. दिवाळीच्या साफसफाईत कोणता कागद रद्दीत गेला, हे मी कधीच पाहिले नव्हते. कागद माझ्याकडूनच फुटला असे सिद्ध झाले नाही. फुटला नाही, असेही मला छातीवर हात ठेवून सांगता आले नाही. ती खोटी नोंद निघेपर्यंत सात महिने गेले आणि मुलीचे एक वर्ष वाया गेले. मी त्यांची क्षमा मागितली. परंतु गेलेले वर्ष क्षमेने परत येत नाही.

तत्त्वार्थसूत्रात अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांतील शेवटचा प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे अस्सल म्हणून नक्कल खपविणे. आम्ही व्यापारी त्याचा अर्थ मालापुरताच घेत आलो. दुसऱ्याचे नाव पांघरून कर्ज घेणे हा त्याचाच आजचा अवतार होय. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-सी अन्वये या गुन्ह्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. पण चोराला शिक्षा कायदा देईल. आपल्या प्रमादाचे काय? मुनिमहाराज पुस्तक अथवा कमंडलू उचलताना-ठेवताना जागा पाहून पिंछीने परिमार्जन करतात. ती आदान-निक्षेपण समिती. कागद देताना, घेताना आणि ठेवताना तिचा अंश तरी आपण श्रावकांनी आचरणात आणावा.

आधारची प्रत मागितली गेली, तर जेथे चालेल तेथे केवळ शेवटचे चार अंक दिसणारे 'मास्क्ड आधार' द्यावे. प्रतीवर तारीख व कारण लिहून, अक्षरे छायाचित्रावर येतील अशी सही करावी. आधारचे बोटांचे ठसे प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून कुलूपबंद करता येतात. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा आपला संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. तो अवश्य पाहावा. आपल्या नावावर किती मोबाईल जोडण्या आहेत, हे 'संचार साथी'वर दिसते. व्यापारी बंधूंनी जीएसटीच्या संकेतस्थळावर पॅन क्रमांक घालून, आपल्या नावे परराज्यात भलतीच नोंदणी झालेली नाही ना, याची खात्री करावी.

दुसरे सूत्र वचनगुप्तीचे. ओटीपी अथवा पिन कोणालाही सांगू नये. पोलीस असल्याचे भासवून व्हिडिओ कॉलवर 'डिजिटल अटक' झाल्याचे कोणी सांगितले, तर फोन बंद करावा. आपल्या कायद्यात तशी अटक नाही. पैसे गेलेच, तर त्याच क्षणी १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधीच ती अडवता येते. लोक काय म्हणतील म्हणून आपली वडीलधारी मंडळी गप्प बसतात, आणि त्या मौनाचा लाभ फक्त चोराला होतो.

आता आपल्या संस्थेविषयी. धर्मशाळेत उतरणाऱ्या यात्रेकरूंची ओळखपत्रे, वसतिगृहातील मुलांचे दाखले, ८०-जीच्या पावतीसाठी देणगीदारांचे पॅन क्रमांक, हे सारे आपल्या कपाटांत आहे. देणगीचा पैसा आपण कुलपात ठेवतो, त्याचा पैन् पैचा हिशेब देतो. हे कागदही परक्याची ठेवच आहेत. ते कुलपात असावेत, कोणाच्या हाती आहेत याची नोंद असावी आणि काम संपताच, कायद्याने जपणे आवश्यक नसलेली प्रत रद्दीत न घालता फाडून नष्ट करावी. सुवर्णमहोत्सवी वर्षात विश्वस्त मंडळाने असा ठराव करावा, ही माझी नम्र विनंती. माझ्या दुकानातील खणाला मी कुलूप लावले आहे. ते उशिरा लागले, म्हणूनच आज आपल्यापुढे बोलण्याचे धाडस केले.

जयजिनेंद्र.