आधी माणसे, मग मोजणी

(रत्नागिरी येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

अर्थशास्त्राच्या माणसाला मानवशास्त्रावर बोलावयास सांगण्यात आपण थोडे धाडसच केले आहे. परंतु ज्याचे आयुष्य आकड्यांत गेले, त्याला आकड्यांची थोरवी कळते तशी त्यांची मर्यादाही कळते. आपल्याच जिल्ह्याचे पाहा. २००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती. २०११ मध्ये ती १६,१५,०६९ झाली. दहा वर्षांत ८१ हजारांहून अधिक माणसे कमी झाली. त्याच २०११ साली महाराष्ट्रात दर हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या, तर आपल्या जिल्ह्यात ११२२. इथला पुरुष पोटासाठी मुंबईला जातो, एवढे या आकड्यांवरून कळते. पण मागे राहिलेल्या घरात शेत कोण कसते, गोठा कोण सांभाळते, उधारी कोणाच्या शब्दावर मिळते आणि सातबाऱ्यावर नाव कोणाचे असते, हे त्यांतून कळत नाही. त्यासाठी त्या घराच्या पडवीत जाऊन बसावे लागते; आणि तेही एकदा नव्हे, पेरणीपासून झोडणीपर्यंत. या बसण्याला, पाहण्याला आणि ऐकण्यालाच मानवशास्त्रात क्षेत्रकार्य म्हणतात.

या शास्त्राचा जन्म निर्मळ नाही, हे आरंभीच सांगितले पाहिजे. साम्राज्याला प्रजेची यादी हवी होती. जाती-जमातींची वर्णने लिहिली गेली ती पुष्कळदा राज्यकारभाराच्या सोयीसाठी. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसांचे समूहच्या समूह जन्माने गुन्हेगार ठरविले. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, आणि त्या जमाती ‘विमुक्त’ म्हणविल्या जाऊ लागल्या. पण कपाळावरचा शिक्का काही कायद्याबरोबर पुसला गेला नाही. १९०१ च्या जनगणनेचे प्रमुख रिस्ले यांनी तर नाकाच्या मापावरून जातींची उतरंड लावण्याचा खटाटोप केला. मोजपट्टी सत्तेच्या हाती असली, की ती नाकावर फिरते आणि जमिनीवरही.

परंतु याच शास्त्राला उलट दिशेने वळविणारी माणसे आपल्या मातीशी नाते सांगणारी होती, याचा आपण अभिमान बाळगावा. आंबडवे हे मंडणगड तालुक्यातले गाव. तेथील घराण्यात जन्मलेल्या पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चासत्रात, भारतातील जातींवरील आपला निबंध वाचला. युरोपीय अभ्यासकांनी वर्णाला फाजील महत्त्व दिले, असे त्यांनी तेथे स्वच्छ सांगितले. जातीचे मर्म त्यांनी पाहिले ते जातीतल्या जातीत लग्न लावण्याच्या सक्तीत. ही सक्ती टिकवायची तर विवाहयोग्य स्त्री-पुरुषांची संख्या समतोल राहिली पाहिजे. नवरा किंवा बायको मेल्यावर जी व्यक्ती ‘जादा’ उरते तिची व्यवस्था लावली पाहिजे. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या रूढींचा उगम त्यांनी या व्यवस्थेत शोधला. हा विचार मांडणारा तरुण अर्थशास्त्राचाही विद्यार्थी होता, हे लक्षात घ्या. अंकगणिताच्या आड स्त्रीवरचा जुलूम कसा उभा असतो, ते त्याने दाखविले.

दुसरे नाव इरावती कर्वे यांचे. मुरूडच्या महर्षी कर्व्यांच्या त्या स्नुषा. बर्लिन येथे ऑयगेन फिशर या वंशवादी प्राध्यापकाच्या हाताखाली त्यांनी मानवी कवट्यांवर संशोधन केले. पण गोऱ्या वंशाच्या श्रेष्ठत्वाला त्या मापांत आधार सापडत नाही, असाच त्यांचा निष्कर्ष निघाला. १९३९ पासून त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होत्या. ‘युगान्त’च्या लेखिका म्हणून आपण त्यांना ओळखतो. मला मात्र आज त्यांच्या एका कमी वाचल्या गेलेल्या कामाकडे आपले लक्ष वेधायचे आहे. कोयना धरणाने विस्थापित झालेल्या लोकांची त्यांनी आणि जाई निंबकर यांनी पाहणी केली. तिचा अहवाल १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी इरावतीबाई वारल्या.

कोयना आपल्याला परकी नाही. तिचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीला उतरते, वीज देते आणि वाशिष्ठीला मिळते. त्या विजेवर महाराष्ट्राचे कारखाने उभे राहिले, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु या पाहणीचा काळ ध्यानात घ्या. धरणाचे काम १९५४ च्या सुमारास सुरू झाले; अभ्यासक विस्थापितांच्या दारी गेले ते गावे पाण्याखाली गेल्यानंतर. आधी भिंत, मग पाणी आणि सर्वांत शेवटी माणूस, असा तो क्रम होता. पुनर्वसनाचा पहिला कायदा महाराष्ट्राने केला तोही १९७६ मध्ये. या उलट्या क्रमाची किंमत अशी, की २०१८ मध्येही कोयनेच्या धरणग्रस्तांना जमिनीसाठी ठिय्या देऊन बसावे लागले. ज्यांची गावे बुडाली त्यांच्या नातवंडांनी हा ठिय्या दिला!

आता आजच्या प्रश्नाकडे येऊ. राजापूर तालुक्यात आधी नाणारला तेलशुद्धीकरण प्रकल्प यायचा होता. लोकविरोधामुळे २०१९ मध्ये ते भूसंपादन रद्द झाले. मग बारसूचे नाव पुढे आले. एप्रिल २०२३ मध्ये तेथे माती-परीक्षणासाठी यंत्रे आणि पोलीस पोहोचले. गावकरी, त्यातही बायका मोठ्या संख्येने, उन्हात सड्यावर ठाण मांडून बसल्या. त्या वेळी एक युक्तिवाद वारंवार ऐकू आला: ‘ही तर पडीक, कातळाची जमीन, तिथे पिकते काय?’

मित्रहो, ‘पडीक’ हा शब्द महसुली दप्तरातला आहे. तो जमिनीचे वर्णन करत नाही. जमिनीतून सरकारला काय मिळते याचे वर्णन करतो. पावसाळ्यात या सड्यावर गुरे चरतात; पावसानंतर गवत कापून गंज्या रचल्या जातात. कातळात मुरलेले पाणी खालच्या वाडीच्या विहिरीला मिळते. आणि याच कातळावर प्राचीन माणसाने हत्ती, मासे, माणसे आणि अनाकलनीय आकृत्या कोरल्या आहेत. रत्नागिरीच्याच सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव हिंडून, गुराख्यांना आणि वृद्धांना विचारून ही कातळशिल्पे उजेडात आणली. २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत कोकणातील ज्या स्थळांची नोंद झाली, त्यांत बारसू, देवाचे गोठणे, कशेळी आणि उक्षी ही आपल्या जिल्ह्यातली गावे आहेत. दप्तरात जी जागा पडीक होती, तीच क्षेत्रकार्याने जगाच्या नकाशावर नेली.

याचा अर्थ कोकणात कारखाना नकोच, असा मी काढत नाही. घरटी एक माणूस मुंबईला पाठविणाऱ्या जिल्ह्यात तरुण मुलगा नोकरी मागतो, तेव्हा त्याला सड्याचे सौंदर्य सांगून गप्प करणे हा ढोंगीपणा ठरेल. प्रश्न एवढाच, की निर्णय कोणाला विचारून व्हायचा? भूसंपादनात खातेदाराला विचारतात. खातेदार पुष्कळदा मुंबईत असतो. काही जमिनी तर बाहेरच्यांनी आधीच घेऊन ठेवलेल्या असतात. गुरे चारणारी, गवत कापणारी, पाणी भरणारी बाई मात्र खातेदार नसते. गवळी-धनगराच्या वाडीला आणि कातकऱ्याच्या झोपडीला तर पुष्कळदा घराखालची जागाही स्वतःच्या नावाची नसते. अशा माणसाचे मत कोणत्या रकान्यात लिहायचे?

२०१३ च्या भूसंपादन कायद्याने या रकान्याची सोय केली होती. जमीन नसलेले पण तिच्यावर जगणारे मजूर, कुळे, कारागीर यांनाही त्याने ‘बाधित’ मानले आणि सामाजिक परिणामांचे मूल्यांकन आधी करण्याचे बंधन घातले. आधी माणूस, मग मोजणी, हा क्रम प्रथमच कायद्यात आला. परंतु महाराष्ट्राने २०१८ मध्ये दुरुस्ती करून औद्योगिक पट्ट्यांसारख्या प्रकल्पांना त्यातून सूट देण्याची वाट मोकळी केली. ज्या राज्याने पुनर्वसनाचा कायदा देशात आधी केला, त्याने हे मागे पाऊल टाकावे, ही खेदाची गोष्ट आहे.

मग आपण काय करायचे? सरकारने अभ्यास केला नाही तर तो लोकांनी करावा. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाने हे करून दाखविले आहे. तेथे गावकऱ्यांचे अभ्यासगट बसत. बाहेरचा जाणकार माहिती देई, निर्णय मात्र ग्रामसभा एकमताने घेई. त्या तयारीच्या बळावर वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर या गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. त्या कायद्याच्या नियमांत गावातील वृद्धांचे लिहून घेतलेले कथनही पुरावा मानले आहे. म्हाताऱ्या माणसाची आठवण आणि सरकारी कागद प्रथमच एका पंगतीला बसले.

तेव्हा आपल्यापैकी प्रत्येकाने एक वाडी निवडावी. गुरे कुठे चरतात, मार्च महिन्यात पाणी कुठून येते, गवत कोण कापते, देवाची जागा कोणती, कोणत्या घरात केवळ बाईच राहते, याची वही करावी. ती वही वाडीतच वाचून दाखवावी. चुकले असेल तेथे लोकांकडून दुरुस्त करून घ्यावी. आणि एक प्रत ग्रामसभेत ठेवावी. एक पथ्य मात्र पाळले पाहिजे. आपले मत आधी ठरवून त्याला सोयीची उत्तरे गोळा करू नयेत. ज्याला प्रकल्प हवा आहे त्याचेही म्हणणे त्याच्याच शब्दांत लिहावे. नाहीतर आपल्यात आणि नाके मोजणाऱ्यांत फरक तो काय राहिला?

मोर्चा एक दिवस चालतो, घोषणा वाऱ्यावर विरते. पुढची जनसुनावणी होईल तेव्हा अधिकाऱ्याच्या टेबलावर नकाशा असेल. समोरच्या बाईच्या हातात तिच्या वाडीची वही असली पाहिजे.