घोडीच्या वंध्यीकरणाचा प्रश्न



बैल खच्ची करताना आपण नीराकाठच्या मंडळींनी पाहिलेलेच आहे. घोडाही खच्ची करतात. मग घोडीचे तसे का करीत नाहीत? घोड्याचे वृषण बाहेर असतात. घोडीचे बीजकोश पोटात, कंबरेखाली टांगलेले. तेथवर हात पोचविणे म्हणजे पोटच उघडणे.

जुनी रीत अशी, की घोडी उभी ठेवून योनिमार्गाच्या भिंतीत छेद घ्यावयाचा आणि हात आत घालून साखळीच्या यंत्राने बीजकोशाचा देठ चेचून तोडावयाचा. डोळ्यांना काही दिसत नाही. सारी मदार बोटांवर. मोठा रक्तस्राव झाला तर घोडी हातची गेलीच म्हणा! आतडे बाहेर येऊ नये म्हणून पुढे काही दिवस तिला आडवीही होऊ देत नाहीत. दुसरी वाट कुशीची. आज त्याच कुशीतून दुर्बीण घालून, गुंगी दिलेल्या उभ्या घोडीवर हे काम होते, व ते पुष्कळ निर्धोक आहे.

इतके करूनही माज जातोच असे नाही. बीजकोश काढलेल्या काही घोड्या माज दाखवीत राहतात. बीजकोशात गाठ झाली तर तो काढावा, हे खरे. पण धनगरांचे बिऱ्हाड वाहणारी आमची भीमथडी घोडी! ऋतूत दर २१ दिवसांनी माजावर येते म्हणून तिचा वंश तोडावयाचा? त्यापेक्षा निवडक अंडील घोडे राखून बाकीचे नर खच्ची करावेत. ते काम सोपे, खर्चही थोडा. आणि ११ महिन्यांनी शिंगरू मिळते ते चांगल्या बापाचे.