अपूर्णांक कशाचा?

एका क्रेडिट कार्डाची मर्यादा ६०,००० रुपये आहे. त्यातले दोन पंचमांश वापरले आणि नंतर थकबाकीचा एक तृतीयांश भाग फेडला, तर मर्यादेचा कितवा भाग देणे राहिला? पुष्कळदा घाईने दोन पंचमांशातून एक तृतीयांश वजा केला जातो आणि उत्तर येते एक पंधरांश, म्हणजे ४,००० रुपये. पण पहिला अपूर्णांक मर्यादेचा आहे, दुसरा थकबाकीचा. थकबाकी २४,०००, तिचा तिसरा हिस्सा ८,०००, उरले १६,०००, म्हणजेच मर्यादेचे चार पंधरांश. इथे गुणाकार हवा: दोन पंचमांश गुणिले दोन तृतीयांश. शाब्दिक उदाहरणात षष्ठीचा 'चा-ची-चे' मला आकड्याइतकाच मोलाचा वाटतो. पूर्ण कशाला मानायचे, ते तोच सांगतो.

कोणी म्हणेल, शिल्लक मर्यादा मोबाईलवर आयती दिसते, मग हा खटाटोप कशाला? दिसते हे खरे, पण फेडीचा हिशेब त्या एका आकड्यात मावत नाही. समजा, किमान देय रक्कम थकबाकीचा विसावा हिस्सा आहे. २४,००० वर १,२०० भरले की बिल भागल्यासारखे वाटते. उरलेल्या २२,८०० वर महिना साडेतीन टक्के दराने ढोबळ व्याज धरा: ७९८ रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, सुमारे १४४. भरलेल्या १,२०० पैकी ९४२ रुपये असे परत चढले. नवी खरेदी एका रुपयाचीही नसताना कर्ज घटले ते जेमतेम २५८ रुपयांनी, थकबाकीच्या शंभराव्या हिश्शाहून किंचित जास्त.