औषध चालू ठेवून व्यसनमुक्ती



व्यसनी माणूस म्हणजे मनाचा दुबळा, असा निकाल देऊन आपण मोकळे होतो. अफूपासून तयार होणारे हेरॉइन, ज्याचा अशुद्ध प्रकार आपल्याकडे ‘गर्द’ म्हणून ओळखला जातो, त्याच्या बाबतीत तरी हा निकाल पुन्हा तपासावा, एवढीच आमची विनंती आहे.

१९६४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत डॉ. व्हिन्सेंट डोल आणि मनोविकारतज्ज्ञ डॉ. मारी निस्वांडर यांनी जुन्या हेरॉइनग्रस्तांवर उपचार आरंभिले. मॉर्फिन दिले असता रुग्ण पुढच्या मात्रेची वाट पाहत नुसते बसून राहत. मेथाडोन सुरू केल्यावर तीच माणसे शिक्षणाच्या नि नोकरीच्या गोष्टी बोलू लागली. पुढच्याच वर्षी २२ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध झाली.

यात चमत्कार नाही. हेरॉइनचा अंमल काही तासांत उतरतो. मग अंग मोडून येते, उलट्या-जुलाब होतात, झोप उडते आणि माणूस पुन्हा पुडीमागे धावतो. मेथाडोन मेंदूत त्याच ठिकाणी काम करते, परंतु सावकाश चढते व दिवसभर टिकते. योग्य मात्रेत नशा न येता तलफ शमते.

यावर कोणी म्हणेल, ‘हे तर एक व्यसन सोडवून दुसरे लावणे झाले!’ शरीराला औषधाची गरज राहते, हे खरे. पण सर्वस्व गमावूनही थांबता न येणे, याला आपण व्यसन म्हणतो. रोज इन्शुलिन टोचून घेणाऱ्या मधुमेह्याला कोणी व्यसनी म्हणत नाही.

उलट, औषध घाईने तोडण्यात मोठा धोका आहे. शरीराची सवय ओसरलेली असते. अशा वेळी पूर्वीइतकीच मात्रा घेतली तर श्वास बंद पडतो. मेथाडोनही बेताबाहेर घेतल्यास घातक ठरते, म्हणून ते देखरेखीखालीच द्यावे लागते. ब्युप्रेनॉर्फिनमध्ये हा धोका कमी आहे. फ्रान्सने १९९५ पासून ते साध्या डॉक्टरांच्या हाती दिले; १९९९ पर्यंत तेथील अतिमात्रेचे मृत्यू तीन-चतुर्थांशांहून अधिक घटले. २००५ साली जागतिक आरोग्य संघटनेने ही दोन्ही औषधे अत्यावश्यक यादीत घेतली. आपल्या देशातही शासकीय केंद्रांतून ती दिली जातात.

तेव्हा घरात असा रुग्ण असेल, तर ‘औषध कधी सुटणार?’ असा तगादा लावू नये. तो डॉक्टरांचा प्रश्न आहे. आपण पाहावे ते इतकेच, की तो जिवंत आहे, कामावर जातो आहे आणि संध्याकाळी पानावर येऊन बसतो आहे.