मेजर जनरल जगन्नाथराव भोसले : एक पुण्यस्मरण
(मंदिर जीर्णोद्धार सोहळ्यातील भाषण)



जीर्णोद्धाराच्या या मंगल प्रसंगी तळकोकणच्या एका थोर सुपुत्राचे स्मरण करणे उचित होईल. मेजर जनरल जगन्नाथराव कृष्णराव भोसले यांचा जन्म १९०६ साली सावंतवाडी संस्थानातील तिरोडे गावी झाला. डेहराडूनचे लष्करी विद्यालय आणि इंग्लंडातील सँडहर्स्ट येथे शिक्षण घेऊन ते सैन्यात अधिकारी झाले. त्या काळी हा मान फार थोड्या हिंदी तरुणांना मिळे.

फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडले. हजारो हिंदी सैनिक युद्धकैदी झाले. त्यांत लेफ्टनंट कर्नल भोसलेही होते. पुढची बढती, निवृत्तिवेतन, घरसंसार, सारे पणाला लावून ते आझाद हिंद सेनेत सामील झाले. २१ ऑक्टोबर १९४३ रोजी नेताजींनी स्थापन केलेल्या हंगामी सरकारात सैन्याचे प्रतिनिधी म्हणून त्यांची नेमणूक झाली. मेजर जनरल हा हुद्दाही त्यांना याच सेनेत मिळाला.

देश स्वतंत्र झाला, पण आझाद हिंद सेनेच्या जवानांना भारतीय सैन्यात परत घेतले गेले नाही. ज्या देशासाठी गणवेश उतरवला, त्या देशाचा गणवेश अंगावर चढला नाही. हे शल्य लहान नव्हते. दुसरा कोणी कडवट होऊन घरी बसला असता. जगन्नाथराव कामाला लागले.

१९५२ च्या पहिल्या निवडणुकीत रत्नागिरी जिल्ह्यातून ते लोकसभेवर गेले आणि केंद्रात पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले. फाळणीत लाखो माणसे घरादाराला मुकली होती. आईबापांची छाया हरपलेली मुले छावण्यांतून वाढत होती. या मुलांना केवळ अन्नवस्त्र पुरेसे नाही, त्यांना ताठ मानेने उभे राहता आले पाहिजे, हे या सेनानीने ओळखले. १९५४ साली दिल्लीतील निर्वासित मुलांच्या आश्रमात त्यांनी राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली. कवायत, व्यायाम, समूहगान आणि थोर पुरुषांच्या कथा, असा तिचा साधा कार्यक्रम होता. पुढे ती अनेक राज्यांतील शाळांतून पसरली. धाक घालणारी शिस्त ती नव्हे. खचलेल्या मुलाला चार सोबत्यांबरोबर पाऊल टाकायला शिकवणारी ती शिस्त होती.

१९६३ साली जगन्नाथराव कैलासवासी झाले. कालांतराने ती योजनाही इतर योजनांत विलीन झाली. पण त्यांचा धडा जुना होत नाही.

बंधुभगिनींनो, ढासळलेली भिंत पुन्हा उभारणे हा जीर्णोद्धार खराच. खचलेले माणूस उभे करणे हाही जीर्णोद्धारच होय. दात्यांच्या औदार्याने आणि ग्रामस्थांच्या श्रमाने मंदिर उभे राहिले. आता त्याच्या सभामंडपात गावची मुले जमोत, अभ्यास करोत, एकत्र गावोत, आणि ज्याचे घर मोडले त्याच्या मदतीला हे गाव धावून जावो. जगन्नाथरावांना हीच खरी श्रद्धांजली ठरेल.

जय हिंद!