आधी खेळ, मग आपली परीक्षा
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



गेलं वर्षभर आपल्या शाळेतली पाचवीची मुलं मी तयार केलेला एक मोबाइलवरचा खेळ खेळत आहेत. त्याबद्दल चार शब्द बोल, असा संयोजकांचा आग्रह झाला, म्हणून उभा आहे.

खेळ अगदी साधा. पडद्यावर वरून एकेक वस्तू खाली येते. ती बोटाने ओढून ओल्या, सुक्या किंवा घातक कचऱ्याच्या डब्यात टाकायची. घरातच कचरा असा तीन प्रकारांत वेगळा करायचा, हे २०१६च्या केंद्रीय नियमांत सांगितलेलं होतं. खेळाला इंटरनेट लागत नाही. आईच्या जुन्या फोनवरही तो चालतो. वस्तू मात्र मी रत्नागिरीच्या घरांतल्या घेतल्या : आंब्याचा बाठा, बांगड्याचे काटे, नारळाचं सोडण, कोकम सरबताची बाटली, घड्याळातला संपलेला सेल.

पहिल्याच आठवड्यात एका मुलीने विचारलं, "आमची आजी करवंटी चुलीत घालते. मग ती कुठल्या डब्यात टाकायची?" प्रश्न बिनतोड होता. त्यातून खेळात चौथी जागा आली : 'हा कचराच नाही'. आंघोळीचं पाणी तापवणारं सोडण, कलमांच्या बुंध्याशी जाणारा आंब्याच्या पेटीतला पेंढा, डाळ-तांदूळ भरायला ठेवलेली बरणी, या सगळ्यांना तिथे सर्वांत जास्त गुण आहेत.

दुधाच्या पिशवीला वेगळा नियम आहे. तशीच टाकली तर शून्य. कोपरा पूर्ण तोडून न काढता, धुऊन, वाळवून टाकली तर तीन गुण. तुटलेला तुकडा इतका लहान असतो की तो कोणी वेचत नाही. तो गटारातून थेट भाट्याच्या खाडीकडे निघतो. वेफर्सच्या पाकिटाचं दुखणं निराळं. त्यात प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटलेले असतात. ते सुटे करणं कठीण, म्हणून भंगारवाला ते सहसा घेत नाही. "मग त्याचं काय करायचं?" असं मुलं विचारतात. त्याला खेळात एकच उत्तर आहे : कमी घ्यायचं.

पण मित्रहो, पडद्यावरच्या कचऱ्याला वास येत नाही आणि पिशवी धुवायला उठावंही लागत नाही. मुलाने वेगळं केलेलं मोठ्या माणसाने रात्री एकाच पिशवीत कोंबलं, की मूल एवढंच शिकतं : हा नुसता खेळ होता.

शेजारच्या सिंधुदुर्गात वेंगुर्ला नगरपरिषदेची जुनी कचराभूमी आता लोक मुद्दाम पाहायला जातात. यंत्रं तिथेही आहेत. पण घराघरातून कचरा वेगळा होऊन येतो, म्हणून त्यांचा उपयोग होतो.

म्हणून आपल्या तुकडीकडे माझं एक मागणं आहे. शाळेच्या आवारात सुक्या कचऱ्यासाठी एक लहानशी शेड बांधून देऊ. महिन्यातून एकदा भंगारवाला येईल. येणारे पैसे मुलांच्या वाचनालयाला जातील. डब्यात टाकलेली बाटली पुढे कुठे जाते, ते मुलांना डोळ्यांनी दिसेल.

आज जेवणानंतर पाचवीची चार मुलं पिंपांजवळ उभी राहणार आहेत. पत्रावळ, द्रोण आणि पाण्याची बाटली कुठे टाकायची, हे त्यांना पाठ आहे. गुरुजन आपले पेपर तपासून थकले असतील. आज ते काम या मुलांकडे आहे. सांभाळून टाका.