डाकबंगल्यातला मुक्काम



इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यात नॉर्टन सेंट फिलिप नावाचं लहानसं गाव आहे. तिथली 'जॉर्ज इन' ही सराई चौदाव्या शतकातली. जवळच्या मठातल्या ख्रिस्ती साधूंनी ती बांधली आणि मठाची लोकरही तिथंच साठवली. १६६८ साली सॅम्युएल पीप्स हा प्रसिद्ध रोजनिशीकार घरच्या मंडळींसह इथं जेवून गेला. १६८५ मध्ये राजाविरुद्ध बंड करून निघालेल्या ड्यूक ऑफ मॉन्मथचा तळ इथंच पडला होता. आजही पैसे मोजले की तिथं खोली मिळते आणि संध्याकाळी खालच्या दालनात गावातलीच माणसं गप्पा मारत बसलेली दिसतात.

नागपूरकराला असा जुन्या वास्तूतला मुक्काम हवा असेल तर त्यानं कुठं जावं? माझं उत्तर आहे, डाकबंगल्यात. म्हणजे आता ज्याला आपण विश्रामगृह किंवा सरळ रेस्ट हाऊस म्हणतो तिथं.

इंग्रजांनी हमरस्त्यांवर दर दहा-पंधरा मैलांवर हे बंगले बांधले. डाकेच्या टप्प्यांवर पालखीचे भोई किंवा घोडे बदलायचे, तिथंच साहेबाच्या मुक्कामाची सोय. भाडं साधारण रुपयाभर, जेवणाचे पैसे वेगळे. दिमतीला एक खानसामा. साहेब उतरला की मागच्या अंगणात कोंबडीची पळापळ सुरू व्हायची. तासाभरात तीच कोंबडी रश्शात! टेबलावर एक रजिस्टर असायचं. त्यात नाव, हुद्दा, आल्या-गेल्याची वेळ आणि तक्रार असल्यास तीही लिहायची. चोवीस तास झाले आणि नवा प्रवासी दारात उभा राहिला, तर आधीच्यानं जागा सोडायची असा नियम होता. हल्ली मात्र जागा कुणी सोडायची ते घड्याळ ठरवत नाही, हुद्दा ठरवतो. डिसेंबरात नागपुरात विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की हे वेगळं सांगावं लागत नाही.

१८६७ साली मुंबईकडून रेल्वे नागपुरात आली आणि डाकेच्या रस्त्यावरची वर्दळ ओसरली. इंग्लंडातही रेल्वेनं घोडागाड्यांच्या रस्त्यावरच्या सराया ओस पाडल्या. पण ज्या तगल्या, त्यांतल्या बऱ्याच गावकऱ्यांच्या रोजच्या येण्याजाण्यावर तगल्या. आपले बंगले तगले ते साहेबांच्या दौऱ्यांवर. जमाबंदी, जंगलाची मोजणी, वाघाची शिकार, काहीतरी निमित्त असायचंच. उन्हाळ्यात नागपूरचा सगळा कारभार पचमढीला जायचा. वऱ्हाडातल्या साहेबांसाठी चिखलदरा होतं. १८०३ च्या डिसेंबरात इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेनं शेजारचा गाविलगड घेतला. पुढं १८२३ मध्ये कॅप्टन रॉबिन्सनला हे अकराशे मीटर उंचीवरचं पठार गवसलं, असं सांगतात. गवसलं म्हणायचं ते साहेबाच्या बाजूनं. कोरकू आदिवासींची वस्ती इथं मेळघाटात आधीपासून होतीच, आणि भीमानं कीचकाला इथल्याच दरीत फेकला ही कथा तर फारच जुनी.

जुन्या बंगल्यात शिरलात की आधी वर बघा. छत उंच, त्यावर कवेलू. सागाची दारं इतकी जड की लोटताना खांदा लावावा लागतो. व्हरांड्यात लांब हातांची आरामखुर्ची. स्वयंपाकघर मात्र बंगल्यापासून पन्नास पावलांवर, कारण धूर, वास आणि आगीची भीती यांतलं काहीच साहेबाच्या खोलीपर्यंत पोचायला नको. न्हाणीघराला बाहेरून वेगळं दार, पाणी भरणाऱ्यासाठी आणि सफाई करणाऱ्यासाठी. आणि काही ठिकाणी भिंतीत, माणसाच्या डोक्याच्याही वर, एक गोल भोक दिसतं. नंतरच्या चुन्यानं ते बहुतेक बुजलेलं असतं. पंख्याची दोरी या भोकातून बाहेर जायची. खोलीत साहेब झोपलेला. बाहेर व्हरांड्यात गावातला कुणी पोरगा किंवा म्हातारा रात्रभर ती दोरी ओढत बसलेला. त्याचं नाव रजिस्टरात कुठंच सापडायचं नाही.

त्या भोकात मला सराई आणि डाकबंगला यांच्यातला खरा फरक दिसतो. इंग्लंडात सराई चालवणाऱ्याचं नाव दारावर रंगवलेलं असे, आणि ती गावाची बैठक होती. आपल्याकडे बंगला गावाबाहेर टेकाडावर, भोवती कुंपण, पाटी खात्याची. गाव आत यायचं ते पाणी, लाकूड, अंडी आणि दोरी ओढायला हात घेऊन. स्वातंत्र्यानंतर पाटी मराठी झाली, तरी कुंपण आहे तिथंच आहे.

हे बंगले पाडलेले मला नको आहेत, आणि त्यांचं पंचतारांकित रिसॉर्ट झालेलं तर मुळीच नको. १९७३ साली व्याघ्रप्रकल्प सुरू झाले तेव्हा पहिल्या नवांत मेळघाट होता, त्यामुळे आज जंगल बघायला येणाऱ्यांची तिथं कमतरता नाही. तिथल्याच कोलकासला सिपना नदीच्या काठी जी शांतता आहे तिला तोड नाही. पण अशा ठिकाणी आलेल्या पाहुण्याला पनीर बटर मसाला का वाढायचा? भोवतालच्या रानात कोदो-कुटकी पिकते, मोह फुलतो. स्वयंपाकघर गावच्या बायकांच्या हाती द्या, जेवणाचे पैसे थेट त्यांना मिळू द्या, आणि संध्याकाळी व्हरांडा गावासाठी खुला ठेवा. यासाठी नवी इमारत लागत नाही, मोठा निधीही लागत नाही.

तोवर एवढं तुम्हीच करा. या सुट्टीत मेळघाटात जाल तेव्हा आरक्षण करतानाच चौकीदाराला विचारा, गावातलं कुणी रांधून देईल का. कुटकीचा भात आणि डाळ मागा. मात्र आदल्या दिवशी सांगा आणि पैसे रांधणाऱ्याच्याच हातात द्या.